मोहाचं फूल, इंजिन आणि आबकारी

जालन्यातला मस्तगड १७२५चा. आदल्या वर्षी साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिज खान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामुल्मुल्क आसफजाहांची सत्ता पक्की झाली. त्यानंतर काबिल खानाने ही गढी बांधली. त्या काळी गढीत 'दारू' म्हटलं की तोफेची दारू समजली जायची. मूळ फारसीत दारू म्हणजे औषध. आज त्याच शब्दाने गुत्ता आठवतो. औषध, स्फोटक आणि नशा, असे तीन अर्थ एकाच शब्दाने सांभाळले. मला सांगायचं आहे ते चौथ्या अर्थाबद्दल, म्हणजे इंधनाबद्दल. कारण याच आसफजाही राज्यात फुलाच्या दारूवर इंजिन चालवण्याची शक्यता शंभर वर्षांपूर्वी कागदावर मांडली गेली होती.

'अल्कोहोल' हा शब्दसुद्धा आपल्याच घरातला. अरबी 'अल-कुह्ल' म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. अतिशय बारीक केलेली पूड, मग कोणत्याही पदार्थाचं सत्त्व आणि शेवटी द्राक्षमद्याचा अर्क, असा प्रवास करत तो युरोपात स्थिरावला. सुरमा लावणाऱ्यांना हा शब्द परत मिळाला तो मात्र बाटलीवरचं लेबल होऊन.

पहिल्या महायुद्धाने पेट्रोलची किंमत सगळ्या जगाला शिकवली. युद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने मोटारीसाठी मद्यार्क वापरता येईल का, हे तपासायला समिती नेमली. तिचा अहवाल १९१९चा. त्यात हैदराबाद संस्थानातल्या मोहाचा खास उल्लेख आहे. वाळलेल्या फुलात वजनाच्या सुमारे ६० टक्के आंबवता येण्याजोगी साखर असते. एक टन फुलांपासून ९५ टक्के शुद्धतेचा सुमारे ९० गॅलन, म्हणजे चारशे लिटरच्या आसपास मद्यार्क मिळतो. स्थानिक दारूची गरज भागवूनही एकट्या हैदराबाद संस्थानात वर्षाला ७ लाख गॅलन मोटार इंधन निघेल, एवढी झाडं उभी आहेत, असा हिशेब त्यात मांडला होता. लिटरमध्ये सांगायचं तर ३० लाखांहून जास्त.

ही झाडी जालन्याच्या काळ्या रानात नव्हती, ती आदिलाबाद-किनवटच्या जंगलपट्ट्यात होती. पण राज्य एकच होतं आणि जालना त्यातलं कापसाचं मोठं बाजाराचं गाव. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, तिने माल ने-आण करण्याचा प्रश्नही सोडवला होता. शिवाय मोहाला पाणी द्यावं लागत नाही. फूल गळतं, आदिवासी बायका-पोरं पहाटे वेचतात, वाळवतात. वाळलेलं फूल महिनोन्‌महिने टिकतं.

मग इंजिनाची अडचण होती का? फारशी नव्हती. एक किलो पेट्रोल जाळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, एक किलो मद्यार्काला नऊच किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं. त्यासाठी कार्बोरेटरमधल्या जेटचं भोक मोठं करायचं. लिटरमागे मद्यार्कात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे टाकी लवकर रिकामी होते. पण मद्यार्क जास्त दाब सहन करतो, इंजिन ठोकत नाही. तेव्हा कॉम्प्रेशन वाढवलं तर थोडी भरपाई होते. थंडीत तो लवकर पेट घेत नाही, म्हणून पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर मद्यार्कावर घ्यायचं. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालवायचे पाण्याचे पंप ज्यांनी पाहिले, त्यांना ही युक्ती नवीन नाही.

मस्तगड भागातल्या एका जुन्या मेकॅनिकला मी हे सगळं समजावून विचारलं. तो हसून म्हणाला, "जेट का होल बढाओ, चलता. पन माल कां से लाते?"

इतिहासाचा सगळा पेच या एका प्रश्नात आहे. माल होता, पण तो आबकारीच्या कुलपात होता. दारू आणि शिंदीवरचं उत्पन्न हा निजाम सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. मुस्लिम राजवट म्हणून हे विचित्र वाटेल. पण शेजारच्या इंग्रजी मुलखात तरी वेगळं काय होतं? मुंबई सरकारने १८९२ मध्ये कायदा करून ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच निर्बंध आणले. भुकेच्या दिवसांत आदिवासी जे फूल खाऊन जगायचे, तेच बाळगणं गुन्हा ठरलं. सरकारला नशा बंद करायची नव्हती, नशेवरचा कर बुडू द्यायचा नव्हता. इंधन म्हणून स्वस्तात सोडलेला मद्यार्क पिण्याकडे वळला तर महसूल बुडणार, ही भीती होती.

यावर उपाय म्हणून मद्यार्कात मिथेनॉलसारखं काही मिसळून तो पिण्यास अयोग्य करतात. पण ते विषच असतं. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर गरीब माणसांचे जीव घेतले. कर वाचवण्याचा उपाय शेवटी कुणावर उलटतो, ते तिथे दिसलं.

काही वाचक विचारतील, हे इंधन आपल्याला चालेल का? बंदी नशेची आणि पिण्याची आहे, यावर मतभेद नाही. स्पर्श आणि इतर वापराबाबत फिकहमध्ये मतं वेगवेगळी आहेत. इमाम अबू हनीफांच्या मताचा आधार घेऊन अनेक उलेमा द्राक्ष-खजुराव्यतिरिक्त इतर गोष्टींपासून बनलेल्या औद्योगिक मद्यार्काला मुभा देतात. इंजिन काही झिंगत नाही.

पुढे बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली (१९३७). साखरेबरोबर मळी आली आणि मद्यार्काचा विचार मोहाकडून उसाकडे वळला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, कोळशाच्या गॅसवर बस धावल्या. १९४८ मध्ये केंद्राने पॉवर अल्कोहोल कायदा केला, पेट्रोलमध्ये २५ टक्क्यांपर्यंत मिश्रणाची सोय झाली. त्याच वर्षी हैदराबाद भारतात विलीन झालं. मग १९५४-५५ मध्ये तुर्भ्याच्या रिफायनऱ्या सुरू झाल्या, पेट्रोल मुबलक झालं आणि हा विषय मागे पडला. २००० साली तो कायदाच रद्द झाला, आणि २००३ मध्ये ५ टक्के मिश्रणाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं.

त्याची झळ शेतकऱ्याच्या छोट्या इंजिनाला बसते. फवारणीचा टू-स्ट्रोक पंप हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवून कोपऱ्यात उभा राहतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. जुन्या रबरी नळ्या फुगतात, जेट चोंदतं. म्हणून फवारणी संपली की टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

मात्र मोठा प्रश्न टाकीतल्या पाण्याचा नाही, जमिनीतल्या पाण्याचा आहे. २०१३ च्या दुष्काळात जालना शहर पाण्यासाठी जायकवाडीकडे डोळे लावून होतं. अशा मुलखात इंधनासाठी ऊस वाढवायचा की पाणी न मागणाऱ्या झाडांकडे आणि पिकांकडे पाहायचं, हा निर्णय आजही महसुलाच्या आणि कारखानदारीच्या सोयीनेच होतो आहे. १९१९ मध्येही तो तसाच झाला होता. तेव्हा फूल वेचणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. आता निदान विहिरीचा तळ पाहणाऱ्या शेतकऱ्याला तरी विचारलं जावं.