बाप, लेक आणि वाहते पाणी

भाऊबंदकी जमीनजुमल्यावरून होते, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. स्वित्झर्लंडातील बाझल शहरच्या बर्नुली घराण्यात ती गणितावरून झाली. थोरला याकोब व धाकटा योहान या भावांनी एकमेकांची उणीदुणी छापील नियतकालिकांतून चारचौघांसमोर काढली. १७०५ साली याकोब निवर्तला, त्याचे अध्यापकपद योहानकडे आले. वैराची खोड मात्र एक पिढी खाली उतरली.

योहानचा मुलगा डॅनियल १७०० सालचा. बापाच्या इच्छेखातर तो वैद्यक शिकला, पण मन गणितातच. १७२५ साली तो सेंट पीटर्सबर्गला गेला व तेथे पाण्याच्या प्रवाहामागे लागला. त्याची युक्ती अगदी साधी आहे. वाहत्या नळाला भोक पाडून त्यात काचेची उभी नळी बसवावयाची. तीत पाणी जितके चढेल तितका आतला दाब. आडवा नळ जेथे अरुंद होतो तेथे पाण्याचा वेग वाढतो, आणि दाब चक्क घटतो! जत्रेतली गर्दी बोळात चेंगरते, तसेच पाण्याचे होत असेल असे आम्हांसही प्रथम वाटले होते. पण पाण्याला जादा वेग यावयाचा तर मागचा रेटा पुढच्यापेक्षा अधिक हवा, हे ध्यानी आले म्हणजे कोडे सुटते.

१७३४ साली पॅरिसच्या अकादमीने एक पारितोषिक बापलेकांत वाटून दिले. मुलाच्या पंक्तीला बसणे योहानला रुचले नाही. १७३८ साली डॅनियलचा ‘हायड्रोडायनॅमिका’ प्रसिद्ध झाला; मुखपृष्ठावर त्याने स्वतःला ‘योहानचा पुत्र’ म्हणविले होते. पाचएक वर्षांत तीर्थरूपांचा ‘हायड्रॉलिका’ आला. त्यावर साल होते १७३२! आपले सर्वस्व लुटले गेले, गणितापेक्षा चांभारकाम शिकलो असतो तर बरे, अशा आशयाचे पत्र डॅनियलने ऑयलरला लिहिले.

तरी योहानला निव्वळ चोर ठरविणे आम्हांस पटत नाही. मुलाने ऊर्जेच्या हिशेबाने जे मिळविले, ते त्याने पाण्याच्या एकेका पातळ थरावरील बलाचा विचार करून काढले. ती वाट त्याची स्वतःची होती, आणि पुढे ऑयलरने तीच रुंद केली. खोट्या सालाचे समर्थन मात्र कोण करणार?

योहान १७४८ च्या पहिल्याच दिवशी वारला. पॅरिसच्या अकादमीतील त्याची रिकामी जागा त्याच वर्षी भरली गेली. तीवर निवड झाली डॅनियलची.