पाइल : पर्याय आणि वापर

पाइल : वस्तू एकावर एक टाकणे किंवा ठेवणे, ढीग करणे, साचणे या अर्थांचे इंग्रजी क्रियापद. ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही. नाम म्हणून तेच रूप चालते. लॅटिनमध्ये 'पिला' म्हणजे दगडी खांब. तेथून जुन्या फ्रेंच भाषेमार्गे हा शब्द मध्ययुगात इंग्रजीत आला. मराठी माणसाला तो बहुधा प्रथम भेटतो तो दवाखान्याच्या पाटीवर, 'पाइल्स' या रूपात. पण मूळव्याधीचा पाइल वेगळा : त्याचे मूळ चेंडू या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. इमारतीच्या पायासाठी जमिनीत ठोकतात तो पाइल भाला या अर्थाच्या शब्दापासून निघाला, तर गालिच्याच्या लवेला म्हणतात तो पाइल केस या अर्थाच्या शब्दापासून. उच्चार एक आणि घराणी चार, असा हा प्रकार आहे.

पाइलचे सर्वांत जवळचे पर्याय दोन, हीप आणि स्टॅक. तिघांतला फरक नीटनेटकेपणाचा आहे. हीपमध्ये वस्तू कशाही पडलेल्या असतात : धुवायचे कपडे, माती, राडारोडा. स्टॅकमध्ये त्या मोजूनमापून, कडेला कड लावून रचलेल्या असतात : ताटल्या, खुर्च्या, लाकडाच्या फळ्या. पाइल या दोहोंच्या मध्ये कोठेही बसते, म्हणून तेच सर्वांत जास्त वापरले जाते. हीप हा शब्द जुन्या इंग्रजीतला असून त्याचा अर्थ माणसांचा जमाव असाही होता. त्याचा डच भाऊबंद 'होप'. हल्ल्यात सर्वांच्या पुढे धाडलेल्या, परत येण्याची शाश्वती नसलेल्या तुकडीला डच लोक 'गमावलेली तुकडी' म्हणत. इंग्रजांनी त्यातला 'होप' आपल्या भाषेतला 'आशा' या अर्थाचा समजून घेतला, आणि 'फॉर्लोर्न होप' म्हणजे फोल आशा, असा अर्थ रूढ झाला. स्टॅक मात्र उत्तरेकडून आला. जुन्या नॉर्स भाषेत तो गवताच्या गंजीचा शब्द होता.

अक्युम्युलेट आणि अमॅस ही क्रियापदे पुस्तकी वळणाची आहेत. पहिल्यात हळूहळू साचण्यावर भर असतो. त्याच्या पोटात असलेला लॅटिन 'क्युम्युलस' म्हणजे रास. ल्यूक हॉवर्ड यांनी 1803 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात कापसासारख्या फुगीर ढगांना हेच नाव दिले, आणि मराठीत ते राशिमेघ झाले. अमॅस बहुधा संपत्ती, पुरावे किंवा सैन्य यांच्यासाठी येते. होर्डमध्ये दडवून ठेवण्याचा वास आहे; साठेबाजीला तोच शब्द.

मराठीत आणताना : इंग्रजी भाषा 'कसे रचले' ते विचारते, तर मराठी 'काय रचले' ते आधी विचारते, आणि उत्तर क्रियापदात न देता नामात देते. पोत्यांची आणि विटांची थप्पी, नाण्यांची चळत, भाकरींची चवड, नोटांची गड्डी, कडब्याची गंजी. खळ्यावर धान्याची रास पडते. घर पडले तर ढिगारा होतो. विदर्भ-मराठवाड्यात कापलेल्या सोयाबीनची सुडी लावतात, कोकणात भाताची उडवी रचतात. उतरंड मडक्यांची : सर्वांत मोठे तळाला, त्यावर त्याहून लहान. जातिव्यवस्थेसाठी हा शब्द समाजशास्त्रीय लेखनात पक्का बसला, कारण खालच्यावर वरच्या सगळ्यांचा भार, ही गोष्ट त्यात आपोआप येते. इंग्रजीतल्या तिन्ही क्रियापदांत ती येत नाही. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा शंकू. इंग्रजी पाककृतीत 'हीप्ड' चमचा सांगितला असेल तर मराठीत 'शीग लावून चमचा' म्हणावे, 'ढीगभर चमचा' म्हणू नये. उत्साह शिगेला पोचतो तो याच शिगेला.

भाषांतरांत मात्र हल्ली सगळीकडे एकटा 'ढीग' दिसतो. पुस्तकांचा ढीग, ताटांचा ढीग, नोटांचा ढीग. व्याकरणाने त्यात चूक नाही, पण नीट लावलेल्या ताटांना ढीग म्हटले की वाचकाला घासायची भांडी दिसतात.

रोजच्या वापरात पाइल बहुधा एखादे अव्यय जोडूनच येते. 'पाइल अप' म्हणजे साचत जाणे, आणि येथेही मराठीत प्रत्येक गोष्टीची चाल निराळी : कामे तुंबतात, धूळ बसते, व्याज चढते, कर्जाचा डोंगर होतो, भांडी पडून राहतात. 'पाइल ऑन' म्हणजे लादणे. अनेकांनी मिळून एकाच व्यक्तीवर तुटून पडणे, हा त्याचा समाजमाध्यमांतला अर्थ. 'पाइल इन्टू' म्हणजे गाडीत दाटीवाटीने घुसणे. स्तुती आणि निंदा यांच्यासाठी इंग्रजीत बहुधा हीप येते, तर मराठीत स्तुतिसुमने उधळली जातात आणि शिव्यांची लाखोली वाहिली जाते. स्टॅकचे एक वळण पत्त्यांच्या डावातले आहे : आधीच लावून ठेवलेली पाने. त्यावरून परिस्थिती एखाद्याच्या विरोधात रचलेली असणे, हा अर्थ आला.

तंत्रज्ञानात या शब्दांनी स्वतंत्र संसार थाटले. शिकागो विद्यापीठातील स्टॅग फील्ड या मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली एन्रिको फेर्मी यांच्या चमूने ग्रॅफाइटचे ठोकळे 57 थरांत रचले. त्यांतील अनेक ठोकळ्यांत युरेनियम बसवलेले होते. 2 डिसेंबर 1942 रोजी तेथे पहिली स्वयंपोषित अणुशृंखला अभिक्रिया झाली. रचनेचे नावच 'शिकागो पाइल-1' होते आणि काही वर्षे अणुभट्टीला इंग्रजीत सर्रास पाइल म्हणत. पुढे भट्ट्यांची घडण बदलली व 'रिअॅक्टर' हा शब्द रूढ झाला. 1956 मध्ये तुर्भे येथे सुरू झालेली 'अप्सरा' तर पाण्याच्या कुंडातली भट्टी. तिच्यात ठोकळ्यांचा ढीग नव्हताच.

संगणकशास्त्राने हीप आणि स्टॅक यांच्यातला जुना भेद जसाच्या तसा उचलला. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेले आधी निघते. हीप या स्मृतिभागात मात्र जागा लागेल तशी, कोणत्याही क्रमाने घेतली व सोडली जाते. याच नावाची एक वृक्षाकार विदारचनाही आहे. तिचा क्रम लावण्यासाठीचा उपयोग जे. डब्ल्यू. जे. विल्यम्स यांनी 1964 मध्ये मांडला. तिचा स्मृतिभागाशी काही संबंध नाही, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला बसलेले विद्यार्थी येथे हटकून गोंधळतात.

'पाइल-अप' हे नाम एकामागून एक वाहने आदळून झालेल्या अपघातासाठी वापरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर असे घडले की मराठी वृत्तपत्रे 'विचित्र अपघात' असा मथळा देतात. या मथळ्यातून वाचकाला काहीच कळत नाही : किती वाहने, कोणते आधी थांबले, मागची का थांबू शकली नाहीत. शिवाय घाटात वेग आणि धुके असताना असा अपघात होण्यात विचित्र काहीच नसते. 'सात वाहने एकमेकांवर आदळली' हे साधे वाक्य त्याहून कितीतरी चांगले.