मतदारसंघाची रेघ कोणाच्या हाती?

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून हरले. तो मतदारसंघ द्विसदस्य होता. त्यातली एक जागा सर्वसाधारण आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव होती, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. लोकसभेसाठी असे ८६ मतदारसंघ होते. हद्दी ठरल्या त्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. पण प्रत्येक राज्यासाठी खासदारांची सल्लागार समिती होती आणि आदेशात फेरफार करण्याची मुभा संसदेला होती. म्हणजे ज्यांना निवडून यायचे, त्यांचाच हात नकाशावर!

हा हात दूर सारण्यासाठी १९५२ मध्ये स्वतंत्र परिसीमन आयोगाचा कायदा झाला. न्यायमूर्ती आणि मुख्य निवडणूक आयुक्त आयोगावर आले. आमदार-खासदार बैठकीत बोलू शकत, मत देऊ शकत नसत. मसुदा प्रसिद्ध होई, हरकतींवर जाहीर सुनावणी होई. अंतिम आदेश मात्र सभागृहालाही बदलता येत नसे.

द्विसदस्य मतदारसंघ मात्र कायम राहिले, आणि त्यांचा पेच १९५७ मध्ये समोर आला. आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल गिरींच्या विरोधात लागला. १९६१ च्या कायद्याने हे जोडमतदारसंघ मोडले.

पुढे रेघच गोठली. कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागावाटप १९७१ च्या जनगणनेवर थांबवले. ८४ व्या दुरुस्तीने ही स्थगिती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवली. राज्यांतर्गत हद्दी मात्र न्या. कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेनुसार बदलल्या. मुंबईतले गिरणगाव ओसरले, उपनगरे फुगली, हे तेव्हा कागदावर उतरले: मुंबई शहराच्या विधानसभा जागा १७ वरून १० झाल्या, उपनगराच्या १७ वरून २६. लोकसभेसाठी डहाणू जाऊन पालघर आले.

पक्षांच्या हातून पेन काढून घेणे आपल्याला बऱ्यापैकी साधले. पण ते पेन तीस-तीस वर्षे टोपण लावून ठेवले, तर एकाच शहरात एकाचे मत दुसऱ्याच्या मतापेक्षा जड होते. रेघ न्याय्य राहायची, तर ती तटस्थ हातांनी आखली पाहिजे आणि वेळेवरही.