हाली आणि कलदार : बीडच्या गाठोड्यातले दोन रुपये

पुण्यामुंबईच्या नाणेसंग्राहकापुढे राणीछाप रुपया आला, की तो साल पाहतो, टांकसाळ पाहतो आणि नाणे किती झिजले आहे ते पाहतो. बीड जिल्ह्यात नाणी गोळा करणाऱ्याला त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा रुपया इथे आलाच कसा? इंग्रजांच्या सगळ्या अमदानीत बीड त्यांच्या खालसा मुलखात कधीच नव्हते. राज्य निजामाचे, टांकसाळ निजामाची, रुपयाही निजामाचा. तरी गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत कोणत्याही जुन्या घरातले गाठोडे सोडा, चारमिनारछाप रुपयाला लागून व्हिक्टोरिया राणी बसलेली सापडते. गेली पंचवीसेक वर्षे मी या शेजाराचा माग काढतो आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. इतिहास वाचनालयात बसून वाचला आणि नाण्यांवरचे उर्दू-फारसी आकडे गल्लीतल्या एका निवृत्त पेशकारांकडून शिकलो. लहान ताजवा आणि भिंग एवढीच माझी प्रयोगशाळा.

आधी नावे. निजामाच्या रुपयाला आपल्याकडे ‘हाली’ म्हणत. हाली म्हणजे सध्याचा, चालू असलेला. इंग्रजी रुपया तो ‘कलदार’, म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. हातोड्याने ठोकलेल्या नाण्याची कड वेडीवाकडी, ठसा अर्धा चकतीवर तर अर्धा बाहेर. यंत्रावरचे नाणे गोल, काठाला दाते पाडलेले. दाते असले की कानस लावून चांदी चोरता येत नाही, चोरली तर लगेच दिसते. लोकांनी या रुपयाला राजाचे किंवा कंपनीचे नाव दिले नाही, यंत्राचे दिले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांना त्या रुपयात सत्तेपेक्षा सारखेपणा दिसला असावा.

आणि सारखेपणाची गरज होतीच. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात निजामाच्या राज्यात गदवाल, नारायणपेठ अशा ठिकाणच्या खासगी टांकसाळीही रुपये पाडत. प्रत्येकाचा कस निराळा, बट्टा निराळा. १८५३ मध्ये सालारजंग दिवाण झाले आणि त्यांनी या टांकसाळी आवरत आणून हाली रुपयाला एक रूप दिले. १८५७ नंतर दिल्लीच्या बादशहाचे नाव नाण्यावरून गेले. त्या जागी निजाम-उल-मुल्क आसफजाह हे घराण्याच्या मूळ पुरुषाचे नाव आले आणि सोबत ९२ हा आकडा. नवखे संग्राहक या ९२ ला साल समजतात. अबजद पद्धतीने ‘मुहम्मद’ या नावाच्या अक्षरांची बेरीज ९२ होते, तो हा आकडा. पुढे १९०३ साली हैदराबादेत सैफाबादला यंत्रांची टांकसाळ सुरू झाली आणि रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानीत एक अक्षर असते. महबूब अली खानांच्या काळात ‘मीम’, उस्मान अली खानांच्या काळात ‘ऐन’. म्हणजे त्यानंतर हालीही खरे तर कलदारच झाला होता, पण नावे बदलली नाहीत.

आता ताजव्याकडे वळतो, कारण या सगळ्या प्रकरणातला सर्वांत समाधान देणारा भाग तिथे आहे. कलदार रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. चारमिनार रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात हजार भागांत ८१८ भाग चांदी, म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले तर १.१७ येते. आणि दोन्ही सरकारांनी मान्य केलेला भाव काय होता? शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. सोप्या हिशेबाने सहा कलदारला सात हाली, भागाकार १.१६७. दहा आणे आठ पै हा विचित्र वाटणारा तुकडा वर्षानुवर्षे मला सरकारी लहर वाटेल असाच होता. ताजव्याने सांगितले की तो जवळजवळ हुबेहूब चांदीचा हिशेब आहे.

जाता जाता : १८० ग्रेन म्हणजेच एक तोळा. ‘रुपयाभार’ हे माप आपल्या आज्या वापरत ते याच रुपयावरून. इंग्रजांचे राज्य नसलेल्या गावातही त्यांचा रुपया वजन म्हणून सराफाच्या पारड्यात बसलेला होता.

तर हा रुपया बीडमध्ये आला कोणत्या वाटेने? एक वाट बाजाराची. आष्टी-पाटोद्याच्या पलीकडे जामखेड, पाथर्डी, शेवगाव हा इंग्रजी नगर जिल्हा, तर दक्षिणेला सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि बालाघाटच्या मालाला मुंबईची वाट जवळ झाली. माल विकून येणारा पैसा कलदारमध्ये आणि शेतसारा भरायचा हालीत. मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात, आणि सराफाची पेढी. दुसरी वाट फौजेची. अंबाजोगाईचे तेव्हाचे नाव मोमिनाबाद आणि तिथे हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेवर हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांची. तिच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. पलटणीचा पगार जवळच्या बाजारात उतरतो, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून अंबाजोगाईकडच्या घरात ‘क्वीन’ लिहिलेला जुना कलदार दिसला की माझा पहिला संशय त्या छावणीवर जातो. हा तर्क आहे, पण मला तो पटतो.

दोन रुपयांच्या या व्यवहारात मार कोणी खाल्ला, हेही नाणी सांगतात. कर्जखतात नुसते ‘रुपये शंभर’ लिहिले आणि कोणता रुपया ते लिहिले नाही, तर देताना हाली आणि घेताना कलदार असा डाव करता येतो. व्याजाला हात न लावता शंभराचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै होतात. म्हणून शहाणी माणसे खतात ‘हाली’ की ‘कलदार’ हा शब्द आवर्जून घालून घेत. अक्षरशत्रू कुणब्याला मात्र खतात काय लिहिले ते सावकाराच्याच तोंडून कळणार.

संग्रहाच्या दृष्टीने कलदारची वंशावळ वाचकांना थोडक्यात सांगतो. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकच रुपया आला. त्यावर चौथा विल्यम आणि मागे फारसीत ‘यक रुपया’. १८४० चा रुपया बिनमुकुटाच्या तरुण व्हिक्टोरियाचा. १८६२ पासून मुकुट आला, कंपनीचे नाव जाऊन ‘इंडिया’ आले. पुढची बारा वर्षे पाडलेल्या रुपयांवर साल १८६२ च राहिले, त्यामुळे ते ठिपक्यांवरून ओळखायचे. १८७७ पासून ‘क्वीन’ची ‘एम्प्रेस’ झाली. सातवा एडवर्ड बोडक्या डोक्याचा. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती होता, पण तो इतका आखूड सोंडेचा की लोकांना डुक्कर वाटला. ओरड झाली. पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी सातेक लाखच रुपये बाहेर पडले होते, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. हा ‘डुकराचा रुपया’ संग्राहकांत अजून भाव खातो. मला स्वतःला त्यात विशेष रस नाही. मजेदार नाण्याभोवती गोष्टी फार जमतात आणि नाणे बाजूला राहते.

माझा रस वेगळ्याच नाण्यांत आहे, ज्यांना बाजारात किंमत नाही. आपल्याकडच्या निम्म्याअधिक राणीछाप रुपयांना वर कडी झाळलेली असते किंवा भोक पाडलेले असते. ते गळ्यात होते. लमाण तांड्यांवर रुपयांचे हार पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते आणि कुणब्यांच्या घरांतही होते. काहींवर सराफाने कस पाहण्यासाठी मारलेला छिन्नीचा टोला असतो. लिलावाच्या यादीत अशा नाण्यांपुढे ‘खराब’ असा शेरा पडतो आणि दर चांदीच्या भावावर येतो. माझ्या मते उलट आहे. कोरे करकरीत नाणे टांकसाळीतून पेटीत गेले आणि पेटीतून लिलावात, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. झाळलेला रुपया आधी चलन होता, मग दागिना झाला, मग दुष्काळात गहाण पडला.

चांदीच्या या रुपयांची जाण्याची पहिली मोठी लाट दुसऱ्या महायुद्धात आली. १९४० मध्ये इंग्रज सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले : १९४१ साली व्हिक्टोरियाचे, १९४२ मध्ये एडवर्डचे, १९४३ मध्ये जुन्या कसाचे जॉर्जचे. निजामाच्या रुपयातही त्याच सुमारास चांदी निम्मी झाली. मग माणसे करतात तेच इथल्या माणसांनी केले. हलके रुपये बाजारात, भारी रुपये उतरंडीत.

त्या उतरंडी कामी आल्या त्या १९४७-४८ मध्ये. २९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू हिंदुस्थानात नेण्यावर बंधन आले. दुसऱ्याने हिंदी संघराज्याचे चलन राज्यात कायदेशीर राहिले नाही. रझाकारांच्या भीतीने सरहद्द ओलांडणाऱ्या कुटुंबाची अवस्था यातून दिसते. हाती हाली नोटा, त्या पलीकडे बट्टा दिल्याशिवाय जाणार नाहीत. जुना चांदीचा रुपया मात्र कोणत्याही सराफाकडे वजनावर चालणारा. आणि तोच नेणे गुन्हा. पोलिस कारवाईनंतर सात हालीला सहा या भावाने हाली बदलून देणे सुरू झाले आणि पन्नासच्या दशकात तो चलनातून उठला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा बीडच्या माणसाने दहा वर्षांत तिसऱ्यांदा मोजायला शिकले.

दुसरी लाट अजून चालू आहे. १९७२ च्या दुष्काळात किती रुपये मुशीत गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, आणि चांदीचा भाव चढला की आजही जातात. उलट बाजूने खोट्या मालाची आवक आहे. ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे लिहिलेला, रामदरबाराचे चित्र असलेला आणा घेऊन लोक माझ्याकडे येतात. कोणीतरी लाखांची, कधी कोटींची आशा लावलेली असते. तांदूळ ओढणारे नाणे म्हणून पैसे उकळणाऱ्या टोळ्या हाच माल दाखवतात. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. हे अलीकडचे देवस्थानी बिल्ले आहेत, आणि तांदूळ ओढायला लोहचुंबक व लोखंड लावलेले दाणे पुरतात.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ताटात मांडलेले रुपये वाचकांनी एकदा पालथे करून पाहावेत. सराफांनी पूजेसाठी पाडलेले नवे ‘राणीछाप’ही त्यात असतात. त्यांची अक्षरे बुजकी असतात आणि वजन ११.६६ ला जुळत नाही. जुने असतील तर दंतमंजन किंवा चिंच लावून घासू नयेत, काळपटपणा नाण्याला राखतो. आणि विकायचेच असतील तर आधी एका कागदावर लिहून ठेवावे : घर कोणते, गाव कोणते, कोणाच्या गळ्यातले, हालीसोबत बांधलेले होते की वेगळे. माझ्या वहीत अशा नोंदी तालुकावार लावलेल्या आहेत. आष्टीची पाने भरली आहेत. माजलगाव आणि केजची अजून बरीचशी कोरी आहेत.