संगणकाचे घड्याळ व वेळक्षेत्र

संगणकाचे घड्याळ म्हणजे संगणकातील कालगणना करणारी यंत्रणा. वेळक्षेत्र म्हणजे त्या गणनेवरून एखाद्या प्रदेशाची प्रमाणवेळ काढण्याचा नियम. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ या दोहोंच्या संयोगातून तयार होते. ती चुकली, तर चूक घड्याळात आहे की वेळक्षेत्रात हे आधी ठरवावे लागते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. भारतभर एकच प्रमाणवेळ असल्यामुळे या भेदाकडे सहसा लक्ष जात नाही. पुढील विवेचनात यवतमाळ जिल्हा उदाहरणादाखल घेतला आहे.

दोन घड्याळे

संगणकात वस्तुतः दोन घड्याळे असतात. पहिले मदरबोर्डवरील, ते संगणक बंद असतानाही चालते. त्यातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्याला वीज पुरवण्यासाठी बहुधा नाण्याच्या आकाराचा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ हा सेल असतो. दुसरे घड्याळ सॉफ्टवेअरचे. संगणक सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ घेते आणि पुढे स्वतंत्रपणे मोजणी करते.

सेल संपला की संगणक बंद करताच तारीख जुन्या वर्षावर जाते. वीज वारंवार जाणाऱ्या गावातील जुन्या संगणकांत हा अनुभव नेहमीचा आहे. अशा वेळी रोज सकाळी हाताने वेळ लावण्यापेक्षा सेल बदलणे हाच खरा उपाय होय. स्फटिकावर तापमानाचाही परिणाम होतो. सुमारे २५ अंश सेल्सियसला तो सर्वांत वेगाने चालतो. त्याहून उष्ण किंवा थंड हवेत किंचित मंदावतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढला, तर केवळ या कारणाने दिवसाला साधारण एक सेकंद मागे पडू शकतो.

स्थानिक वेळ ते प्रमाणवेळ

पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. यवतमाळ शहर सुमारे ७८.१ अंशांवर आहे. म्हणून तेथील स्थानिक मध्यम वेळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे साडेसतरा मिनिटे मागे असते. खुद्द जिल्ह्यातच पश्चिमेकडील दिग्रस आणि पूर्वेकडील वणी यांच्या स्थानिक वेळांत पाच मिनिटांच्या जवळपास अंतर पडते. मुंबईची स्थानिक वेळ तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील रेल्वे आणि तारखाते मद्रास वेळ पाळीत. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईने मात्र आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, देशभर घड्याळे आणखी एक तास पुढे होती.

हा इतिहास संगणकालाही ठाऊक असावा लागतो. पुसद येथे १५ ऑगस्ट १९४३ रोजी घड्याळात सकाळचे १० वाजता जन्मलेल्या व्यक्तीची पत्रिका करायची, तर जागतिक वेळ पहाटे ३.३० येते; साडेपाच तासच वजा करणारे सॉफ्टवेअर ती ४.३० धरते. लग्न साधारण दोन तासांनी बदलत असल्याने या एका तासाने कुंडलीच बदलू शकते. घरातील घड्याळ त्या वेळी वाढीव वेळेवर लावले होते की नाही, हे मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही.

वेळक्षेत्राची निवड

लिनक्स, अँड्रॉइड आदी प्रणाली वेळक्षेत्रांचा एक सामाईक माहितीसंच वापरतात. त्यात प्रत्येक क्षेत्राला एका मोठ्या शहराचे नाव असते आणि संपूर्ण भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. यादीत यवतमाळ, मुंबई किंवा दिल्ली न सापडल्याने गोंधळणाऱ्याने निःशंकपणे तीच निवडावी. युद्धकाळातील वाढीव तास या नोंदीत आहे. मुंबईची १९५५ पर्यंतची वेगळी वेळ नाही.

विंडोजमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली ही चार नावे एकाच ओळीत येतात. तिच्या लगतच श्रीलंकेची ओळ आहे. तिचाही फरक साडेपाच तासांचाच. ती निवडली तरी आजची वेळ बरोबर दिसते. परंतु श्रीलंकेने १९९६ ते २००६ या काळात निराळी वेळ पाळली होती, त्यामुळे त्या वर्षांतील नोंदींच्या वेळा चुकू शकतात. हीच निवड आज्ञा लिहूनही करता येते: विंडोजमध्ये ‘टीझेडयूटिल’, तर अनेक लिनक्स प्रणालींत ‘टाइमडेटसीटीएल’.

नेहमीची चूक

नव्या संगणकावर अनेकदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे वेळक्षेत्र राहून गेलेले असते. वेळ चुकलेली पाहून वापरकर्ता आकडे बदलतो, वेळक्षेत्र तसेच ठेवतो. कोपऱ्यात १० वाजलेले दिसतात आणि काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात, तेथील हिवाळी वेळेच्या दिवसांत, संगणकाने मानलेली जागतिक वेळ आता साडेतेरा तास पुढे गेलेली असते. त्यावरून सकाळी १० वाजता पाठवलेल्या ई-मेलवर, प्राप्तकर्त्याला रात्री ११.३० ची, म्हणजे अद्याप न उगवलेली वेळ दिसू शकते. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध ठरू शकतात आणि दर तीस सेकंदांनी बदलणारे सांकेतिक अंक जुळत नाहीत. परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी भरणाऱ्या विद्यार्थ्याला हे महागात पडते. म्हणून आधी वेळक्षेत्र तपासावे, मग घड्याळ.

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स असल्यास आणखी एक घोटाळा संभवतो. लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळात सहसा जागतिक वेळ ठेवते. विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजते. परिणामी विंडोजची वेळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. साडेपाच हा आकडा दिसताच कारण ओळखावे.

इंटरनेटवरून वेळ जुळवणे

डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलनुसार संगणक सर्व्हरला वेळ विचारतो आणि प्रश्न जाऊन उत्तर येण्यास लागलेला अवधी हिशेबात धरून आपले घड्याळ सुधारतो. सर्व्हर जागतिक वेळच देतो. वेळक्षेत्र चुकले असेल तर ते त्याला दुरुस्त करता येत नाही. भारतीय प्रमाणवेळेची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे असून ती अणुघड्याळांच्या साहाय्याने पार पाडली जाते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशात सेवापुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्थांना या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवण्यास सांगितले.

१९७० आणि २०३८

युनिक्स परंपरेतील प्रणाली १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. मोजणी शून्यावर गेली की भारतातील फोनवर १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० अशी वेळ दिसते. ३२ बिटांत ही मोजणी साठवणाऱ्या जुन्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते; त्यानंतरचा सेकंद त्या डिसेंबर १९०१ मधील धरतील.