उलटा लिलाव

आमच्या अंबरनाथ एमआयडीसीत ‘टेंडर’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बंद पाकिटात दर भरायचा, पाकिटं एकत्र फोडायची, कमी दरवाल्याला काम. म्हणजे लिलावच, पण उलटा. हाच खेळ शेतकऱ्यांबरोबर मांडला तर? आणि काम काय, तर उतारावरचं गवत राखणं, ओढ्याकाठची झाडं न तोडणं. मंडळी, असे लिलाव खरंच झालेत.

सुरुवात अमेरिकेत. १९८५ च्या तिथल्या शेती कायद्यात एक योजना आली. धूप होणाऱ्या जमिनीत दहा ते पंधरा वर्षं पीक घ्यायचं नाही, गवत नाहीतर झाडं लावायची. १९८६ पासून शेतकरी एकरी किती भाडं हवं ते लिहून द्यायला लागले. सरकारने प्रत्येक भागासाठी एक कमाल दर मनाशी धरला होता. काही फेऱ्यांतच शेतकऱ्यांना तो आकडा कळला, आणि बोल्या बरोब्बर त्याच्याजवळ येऊन बसल्या! शेतकरी कुठलाही असो, हुशारच. मग १९९० नंतर नियम बदलले. नुसता दर न बघता माती-पाण्याचा फायदा किती, याचेही गुण धरायला लागले.

२००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने ‘बुशटेंडर’ नावाचा प्रयोग केला (नावातच टेंडर, बघा). तज्ज्ञ आधी शेतावर जाऊन रानाचा कुठला तुकडा किती मोलाचा ते बघायचे. गुरं बाहेर ठेवायला कुंपण, तण काढणं, पडलेले ओंडके तसेच राहू देणं, अशी कामं मालकाशी बोलून ठरायची. मग मालक पाकिटात दर द्यायचा. खर्च झाला सुमारे चार लाख डॉलर. सगळ्यांना एकच दर दिला असता तर तेवढ्याच फायद्याला जवळजवळ सातपट पैसे लागले असते, असा अर्थतज्ज्ञांचा हिशोब. कारण साधं आहे. कातळाचा कोपरा राखायला शेतकऱ्याचं फारसं काही जात नाही, भाताचं खाचर सोडायला पुष्कळ जातं. आणि किती जातं, हे त्यालाच ठाऊक, सरकारी कचेरीला नाही.

आपल्याकडे मात्र हे विचारायची रीतच नव्हती. ३० ऑगस्ट १९७५ ला महाराष्ट्रात खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा लागू झाला आणि त्या दिवशी खाजगी वनं सरकारजमा झाली. जंगल वाचावं हा हेतू चांगलाच. पण ‘राखायला काय घेशील?’ हे मालकाला कोणी विचारलं नाही.

आमच्या कारखान्यांना पाणी देणारं बारवी धरण एमआयडीसीचं, १९७२ चं. त्याची उंची वाढवत नेली, त्या वाढीव उंचीपर्यंत ते २०१९ मध्ये भरलं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना मोबदल्यासाठी आणि नोकऱ्यांसाठी झगडावं लागलं. पण धरणाच्या वरचा उतार राखून गाळ थोपवणारा जो शेतकरी, त्याचं काय? पाण्याच्या बिलात त्याचं नाव शोधून सापडायचं नाही.

नाही म्हणायला, रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरकडे पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने खाजगी रानाच्या मालकांशी झाडं न तोडण्याचे करार केले, त्यांना त्याचे पैसे दिले. लिलाव नाही, समोरासमोर बोलणी. लाकडाचा ठेकेदार रोख रक्कम घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर टिकायचं तर मालकाला काय हवं ते ऐकावंच लागतं.

मग बारवीच्या डोंगरात टेंडर काढावं का? इथे मला एक गोष्ट खटकते. ज्याला पोरीच्या लग्नाची, दवाखान्याची घाई आहे तो कमीच दर लिहिणार. त्याची गरज आपण स्वस्ताई म्हणून मोजणार. एमआयडीसीत कमी दराने घेतलेल्या कामाचा भार शेवटी रोजंदारीवाल्यावर पडतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून मला वाटतं, भाव शेतकऱ्यालाच विचारावा, पण त्याच्याखाली जाता येणार नाही असा एक तळ आधी बांधावा. त्यासाठी पाण्याचा दर थोडा वाढला तरी चालेल. नळ तर आपल्याच घरात आहे!