परम महासंगणकांतील प्रोसेसर-रचना

'परम' ही पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) उभारलेल्या महासंगणकांची मालिका होय. १९९१ मधील 'परम ८०००' पासून या मालिकेत ट्रान्सप्युटर, आय८६०, स्पार्क, अल्फा, पॉवर आणि एक्स८६ अशा परस्परांशी न जुळणाऱ्या प्रोसेसर-रचना वापरल्या गेल्या. एका रचनेचा आज्ञासंच दुसरीला कळत नाही. त्यामुळे प्रत्येक बदलाबरोबर आज्ञावल्या नव्या यंत्रासाठी पुन्हा तयार कराव्या लागतात.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने क्रे कंपनीचे प्रगत महासंगणक भारताला देण्यावर निर्बंध घातले. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली व डॉ. विजय भटकर यांच्याकडे तिची धुरा आली. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याऐवजी बाजारात मिळणारे अनेक लहान प्रोसेसर जोडून काम वाटून देण्याचा, म्हणजेच समांतर संगणनाचा मार्ग संस्थेने निवडला.

ट्रान्सप्युटर ते अल्फा

परम ८००० मध्ये ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीचे टी८०० जातीचे ट्रान्सप्युटर होते. गणिती वेगात एकटा ट्रान्सप्युटर बेताचाच. २० मेगाहर्ट्झवर तो सेकंदाला दशांश संख्यांच्या सुमारे १५ लाख आकडेमोडी करी. त्याचे खरे बळ संवादात होते. शेजारच्या प्रोसेसरांशी थेट बोलण्यासाठी चार दुवे त्याच्या चिपवरच बसविलेले होते.

इंटेलच्या आय८६० ची स्थिती नेमकी उलटी होती. ४० मेगाहर्ट्झवर त्याचा कागदोपत्री कमाल वेग सेकंदाला ८ कोटी आकडेमोडी एवढा होता. परंतु आज्ञांची अचूक जुळणी कंपायलरला साधत नसल्याने प्रत्यक्षात त्याचा लहानसा अंशच हाती येई. 'परम ८६००' मध्ये सी-डॅकने दोहोंची सांगड घातली: आकडेमोड आय८६० कडे, निरोप्याचे काम ट्रान्सप्युटरांकडे. तुलनेच्या दृष्टीने मालिकेतील हे सर्वांत बोधप्रद यंत्र म्हणावे लागेल.

पुढे इनमॉसचा टी९००० हा प्रोसेसर रखडला आणि ट्रान्सप्युटरची वाट खुंटली. परदेशी कंपनीच्या एका चिपवर सर्व भिस्त ठेवण्यातील धोका यातून उघड झाला. १९९४ च्या 'परम ९०००' ची रचना म्हणूनच प्रोसेसर बदलता येईल अशी ठेवण्यात आली. सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि डेकचा अल्फा यांच्यासाठी तिच्या स्वतंत्र आवृत्त्या होत्या. विशेष म्हणजे अल्फा आरंभापासून ६४ बिटांचा होता, तर सुपरस्पार्क ३२ बिटांचा.

पॉवर आणि एक्स८६

१९९८ चा 'परम १००००' अल्ट्रास्पार्क-२ वर चाले. त्यानंतरच्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे २४८ पॉवर४ प्रोसेसर होते. जून २००३ च्या जागतिक 'टॉप ५००' यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले.

२००८ च्या 'परम युवा'पासून इंटेलचे झिऑन आले. एक्स८६ ची सरशी केवळ गुणवत्तेमुळे झाली नाही. घरोघरच्या व कचेऱ्यांतील संगणकांच्या प्रचंड खपामुळे ही रचना स्वस्त पडे व तिच्यात सतत सुधारणा होत राहत. परम युवाचा कमाल वेग ५४ टेराफ्लॉप, तर चाचणीत मिळालेला ३८.१ टेराफ्लॉप, म्हणजे सुमारे सत्तर टक्के होता. महासंगणकांची तुलना या दुसऱ्या आकड्यावरून केली जाते. जाहिरातींत मात्र पहिलाच झळकतो.

२०२० च्या 'परम सिद्धी-एआय'मध्ये एएमडीच्या एपिक प्रोसेसरांना एन्व्हिडियाच्या ए१०० चिपांची जोड आहे. तेथे बहुतांश आकडेमोड या चिपा करतात. आय८६० आणि ट्रान्सप्युटर यांच्यातील श्रमविभागणीची येथे आठवण होते.

स्वदेशी प्रोसेसर

सी-डॅकने आखलेला ९६ गाभ्यांचा 'औम' प्रोसेसर आर्म रचनेवर आधारलेला असून तिच्यासाठी परवाना घ्यावा लागतो. संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राचे 'वेगा' प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर चालतात. त्याच्या वापरासाठी परवाना-शुल्क नाही.